खत घालूनही न कुजणारं गवत

उसाचं पाचट सरीत पसरून त्यावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, हे कशाला? लवकर कुजावं म्हणून, असं तो सांगेल, आणि ते खरंच आहे. पण इंग्लंडमधल्या एका कुरणात नत्राचं खत वर्षानुवर्षं घालून नेमकं उलटं झालं.

हे कुरण लंडनच्या उत्तरेला, हार्पेंडन गावाजवळच्या रोथमस्टेडला आहे. तिथले जमीनदार जॉन बेनेट लॉज यांनी 1842 मध्ये सुपर फॉस्फेटचं पेटंट घेतलं होतं. म्हणजे खत विकणाराच खत तपासायला बसला होता, पण तपासणी त्याने प्रामाणिकपणे केली. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांना सोबत घेऊन लॉजनी 1856 मध्ये सुमारे 7 एकर कुरणाचे तुकडे पाडले आणि प्रत्येकाला वेगळं खत सुरू केलं. वाळलेलं गवत कशाने जास्त मिळतं, एवढाच प्रश्न होता. कुजण्याचा विचार त्यात नव्हता. ‘पार्क ग्रास’ नावाचा हा प्रयोग आजही चालू आहे.

अमोनियम सल्फेट मिळणाऱ्या तुकड्यांत गवत जोमाने वाढलं, पण जमीन आंबट होत गेली. अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल सुटतं. जिथे चुना टाकला नाही तिथे सामू (आंबटपणाचं माप, pH; आकडा जितका कमी तितकी जमीन आंबट) 4 च्याही खाली गेला. असल्या जमिनीत गांडुळं टिकत नाहीत. गवत तर दरवर्षी कापून नेतात. मागे उरतात बुडखे, गळालेली पाती आणि मुळं. ती ओढून खाली नेणारं कुणी उरलं नाही. त्यांचा तपकिरी, तंतुमय, जाजमासारखा थर मातीवर साचला. नत्र सोडियम नायट्रेटमधून मिळालं त्या तुकड्यांत जमीन अशी आंबली नाही. इथे दोष नत्राचा नव्हता, ते कोणत्या रूपात दिलं त्याचा होता.

गंमत म्हणजे त्याच रोथमस्टेडमध्ये 1921 साली हचिन्सन आणि रिचर्ड्स यांनी ओल्या पेंढ्याला नत्र देऊन जनावरांविना ‘शेणखत’ तयार करून दाखवलं. पेंढ्यात कर्ब भरपूर आणि नत्र तोकडं असतं. जिवाणूंना शरीर बांधायला नत्र लागतं. ते वरून मिळालं की काम झपाट्याने होतं. पण आम्ल मारायला चुनखडीसारखं काहीतरी सोबत लागतंच. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी बसवलेल्या कंपोस्टच्या पद्धतीत हेच काम लाकडाची राख करत असे. उकिरड्यात राख टाकणाऱ्या घरांना यात नवल वाटणार नाही.

पण नत्र दिल्यावर कुजणं कधीकधी का रेंगाळतं, याचं आंबटपणा हे पूर्ण उत्तर नव्हतं. 1957 मध्ये इंग्लंडमध्येच बोकॉक आणि गिल्बर्ट (हे लॉजचे सहकारी नव्हेत) यांनी पाला नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरून ठेवला आणि ठरावीक काळाने वजन केलं. साधीच युक्ती, पण तिने कुजण्याचा वेग मोजता येऊ लागला. 1978 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं की लाकूड कुजवणारी एक बुरशी लिग्निन फोडायला लागते ती नत्राची उपासमार झाल्यावरच. लिग्निन म्हणजे काडीला कडकपणा देणारा चिवट पदार्थ. नत्र मुबलक असेल तर ही बुरशी त्याच्या वाटेला जात नाही.

2005 मध्ये अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले तेव्हा हाच धागा दिसला: कमी लिग्निनचा पाला नत्राने लवकर कुजतो, जास्त लिग्निनचा रेंगाळतो. म्हणून प्रयोग किती महिने चालला यालाही महत्त्व आलं. सुरुवातीला मऊ, गोड भाग संपतो तेव्हा नत्र मदत करतं; उरलेल्या चिवट भागाशी गाठ पडली की तेच आडवं येऊ शकतं. तीन महिन्यांच्या आणि पाच वर्षांच्या प्रयोगांची उत्तरं जुळली नाहीत तर त्यात आश्चर्य नाही.

पुढे दोन गोष्टींनी चित्र रुंदावलं. 2013 मध्ये पाल्याऐवजी बाजारातल्या चहाच्या पिशव्या पुरायची पद्धत आली: एक ग्रीन टी, एक रूइबॉस (दक्षिण आफ्रिकेतल्या एका झुडपाचा चहा), 8 सेंटीमीटर खोल, सुमारे 90 दिवस. सगळीकडे माल एकच, म्हणून तुलना करता येते. दुसरी, न्यूट्रिएंट नेटवर्क. यात अनेक देशांतल्या गवताळ रानांत नत्र, स्फुरद आणि पालाश वेगवेगळे आणि मिळून, प्रत्येकी चौरस मीटरला वर्षाला 10 ग्रॅम, असे दिले जातात. 2020 मध्ये या रानांतून निष्कर्ष आला की जिवाणू-बुरशांचं काम एका नत्रावर अडत नाही, ते एकाच वेळी अनेक पोषकांवर अडलेलं असतं. पाचटावर युरियाच्या जोडीला सुपर फॉस्फेट टाकणारा शेतकरी हे आधीपासून करत आला आहे.