सरोवर-सवाना सफारी, केनियातील

सरोवर-सवाना सफारी, केनियातील : नैरोबीहून निघून ग्रेट रिफ्ट व्हॅली या खचदरीतील नैवाशा व नाकुरू ही सरोवरे पाहत मसाई मारा या सवाना म्हणजे गवताळ माळाच्या अभयारण्यापर्यंत जाणारा वन्यजीव-दर्शनाचा रूढ मार्ग. टांझानियातील सेरेंगेटी आणि गोरोंगोरो हा याच प्रदेशाचा दक्षिणेकडचा भाग. दोन्ही देशांची सीमा कुरणातून जाते, पण तेथे कुंपण नाही आणि जनावरे ती वर्षातून दोनदा ओलांडतात. सरोवरावरचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असोत की माळावरचे विल्डेबीस्ट हे कळपाने राहणारे मोठे हरिणवर्गीय प्राणी, दोघेही पाऊस नेईल तिकडे जातात. ही सफारी समजून घ्यायची तर ‘कोणता प्राणी कुठे दिसतो’ यापेक्षा ‘तो तेथून का हलतो’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

नैरोबीपासून वायव्येला तासाभराच्या अंतरावर रस्ता एकदम कड्यावर येतो आणि समोर खचदरी उघडते. आफ्रिकेचे भूकवच ताणले जाऊन मधला पट्टा खाली बसल्याने ही दरी तयार झाली. तळाशी ज्वालामुखी, उष्ण झरे आणि सरोवरांची माळ आहे. यांतील बहुतेक सरोवरांतून नदी बाहेर पडत नाही. पाणी फक्त बाष्प होऊन जाते आणि ज्वालामुखीच्या खडकांतून आलेला सोडा मागे साचत राहतो. नाकुरू, एल्मेंटाइटा व बोगोरिया ही तिन्ही अशीच खारी सरोवरे आहेत. २०११ मध्ये युनेस्कोने त्यांचा एकत्रितपणे जागतिक वारसा यादीत समावेश केला. नैवाशा मात्र गोडे आहे. त्यालाही वरून बाहेर वाट नाही, पण पाणी जमिनीखालून झिरपून जाते आणि क्षार साठत नाहीत. म्हणूनच तेथे पपायरस या उंच पाणवनस्पतीची बेटे, पाणघोडे, मत्स्यगरुड दिसतात आणि काठाने निर्यातीच्या फुलांची मोठी शेती उभी राहिली आहे. शेजारच्या हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानात झेब्रे आणि जिराफांच्या मधून सायकलने किंवा पायी हिंडता येते. केनियाच्या राष्ट्रीय उद्यानांत ही मुभा क्वचितच मिळते.

नाकुरूची कीर्ती लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो) या जातीमुळे झाली. लोणारप्रमाणे येथेही पाणी इतके अल्कधर्मी आहे की बहुतेक जलचर त्यात तग धरत नाहीत. मात्र स्पिरुलिना या नावाने ओळखले जाणारे सूक्ष्म नील-हरित शैवाल त्यात दाट वाढते, आणि लहान रोहिताचे मुख्य अन्न तेच आहे. पक्षी मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरतो, जिभेने भराभर पाणी आत ओढतो व बाहेर टाकतो. चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत शैवाल अडकते. पिसांचा गुलाबी रंगही या शैवालातील रंगद्रव्यांतून येतो. मोठा रोहित त्याच पाण्यात चिखल ढवळून कीटकांच्या अळ्या व लहान कवचधारी जीव खातो, त्यामुळे दोघांची एकमेकांशी फारशी स्पर्धा होत नाही. पूर्व आफ्रिकेतील लहान रोहितांची वीण मात्र नाकुरूला होत नाही. ती मुख्यत्वे टांझानियातील नेट्रॉन सरोवरात होते. तेथील दाहक खारी दलदल ओलांडून घरट्यांपर्यंत पोचणे शिकारी प्राण्यांना अवघड जाते. ठाणे खाडीत हिवाळ्यापासून दिसणारे लहान रोहित याच जातीचे असले, तरी ते पश्चिम भारतातले आहेत आणि त्यांचे विणीचे ठिकाण कच्छचे रण आहे.

२०१० नंतर खचदरीतील सरोवरांची पातळी चढत गेली. नाकुरूचे जुने प्रवेशद्वार, काठचे रस्ते आणि पिवळ्या सालीच्या बाभळींचे पट्टे पाण्याखाली गेले. पाणी वाढले तसा खारटपणा पातळ झाला, शैवाल कमी झाले आणि रोहितांचे मोठे थवे बोगोरियासारख्या सरोवरांकडे वळले. जुन्या छायाचित्रांतला गुलाबी काठ मनात धरून आलेल्या पर्यटकाला आज वाळलेले बुंधे आणि त्यांवर बसलेले पाणकावळे दिसतात. यात उद्यानाचा दोष नाही. अन्न जिथे असेल तिथे हा पक्षी जातो. नाकुरूचे दुसरे वैभव जमिनीवर आहे. १९६१ मध्ये पक्षी अभयारण्य व १९६८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या १८८ चौ. किमी. प्रदेशाला पूर्ण कुंपण आहे, आणि त्याच्या आत काळे व पांढरे, दोन्ही गेंडे राखले गेले आहेत. तस्करीने गेंडा जवळजवळ संपवत आणला होता, त्या काळात या कुंपणाचा मोठा आधार झाला.

नारोक गावावरून पुढे गेले की मसाई मारा लागते. सुमारे १,५१० चौ. किमी.चे हे राखीव क्षेत्र नारोक काउंटीच्या अखत्यारीत असून दक्षिणेला १४,७६३ चौ. किमी.च्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाला जोडलेले आहे. सुमारे १३ लाख विल्डेबीस्ट, दोन लाखांच्या आसपास झेब्रे आणि लाखो थॉमसन गॅझेल ही लहान हरणे या सलग कुरणात वर्षभर फिरत असतात. दक्षिण सेरेंगेटीत ज्वालामुखीच्या राखेची माती आहे. तिच्यातील आखूड गवतात कॅल्शियम व फॉस्फरस भरपूर असते आणि दुभत्या माद्यांना त्याची गरज असते, म्हणून जानेवारी ते मार्च वीण तेथे होते. पण तेथे पाऊस कमी पडतो. मे-जूनमध्ये गवत वाळू लागले की कळप उत्तरेकडे सरकतात, कारण माराच्या बाजूला कोरड्या महिन्यांतही पाणी असते. साधारण जुलैअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत ते मारात असतात आणि नोव्हेंबरच्या पावसाबरोबर परत फिरतात. झेब्रे गवताचे उंच, राठ शेंडे खातात, मागून विल्डेबीस्ट त्याची पाने खातात, आणि नंतर फुटलेले कोवळे कोंब गॅझेलच्या वाट्याला येतात.

हे दृश्य सनातन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुळकांडी रोगाने पूर्व आफ्रिकेतील गुरे आणि विल्डेबीस्ट दोन्ही मारले. इटालियनांनी इरिट्रियात आणलेल्या भारतीय गुरांबरोबर ही साथ आली असे मानले जाते. पुढे गुरांचे लसीकरण झाल्यावर १९६० च्या दशकात रोग हटला आणि अडीच लाखांच्या घरात असलेले विल्डेबीस्ट १९७० च्या दशकाअखेरीस १३ लाखांवर गेले. इतक्या तोंडांनी गवत आखूड केले, त्यामुळे वणवे घटले आणि झाडे पुन्हा वाढू लागली. माणसाच्या गुरांना टोचलेल्या लशीने अख्ख्या माळाचे रूप बदलले, ही या प्रदेशाची सर्वांत विलक्षण हकीकत म्हणावी लागेल.

मारा नदीचे पात्र ओलांडणे हा सफारीतील सर्वाधिक गाजलेला प्रसंग. काठावर कळप तासन् तास घुटमळतो, पुढे येतो, मागे हटतो. मग एखादे जनावर उडी घेते आणि उरलेले सगळे त्याच्यामागे लोटतात. मगरी टिपतात त्याहून कितीतरी अधिक जनावरे चेंगरून व बुडून मरतात. वर्षाला सरासरी सहा हजारांहून अधिक विल्डेबीस्ट या नदीत बुडतात, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्यांच्या देहांवर मासे, गिधाडे आणि मगरी पोसल्या जातात, आणि हाडांतून फॉस्फरस पुढे कित्येक वर्षे पाण्यात उतरत राहतो. नदी मात्र वरच्या अंगाला असलेल्या माऊ जंगलावर अवलंबून आहे, आणि ते जंगल मोठ्या प्रमाणात तुटले आहे.

फेरी सकाळी साडेसहाच्या सुमारास आणि दुपारी साडेतीन-चारनंतर निघते. वाहनाचे छप्पर वर उचलले जाते आणि पर्यटक उभे राहून पाहतात. ठरलेल्या जागा सोडल्या तर खाली उतरण्यास मनाई असते. चालक हाच वाटाड्या असतो. वारुळावर उभे राहून एकाच दिशेला टक लावणारे ‘टोपी’ नावाचे हरिण, घिरट्या घालत उतरणारी गिधाडे यांवरून तो शिकारी प्राणी हेरतो. रेडिओवर स्वाहिलीत सिंबा (सिंह), दुमा (चित्ता) असे शब्द ऐकू आले की आसपासची वाहने तिकडे वळतात. एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच वाहने असावीत असा नियम आहे, तो गर्दीच्या दिवसांत सर्रास मोडतो. त्याची किंमत प्राणी मोजतात. २०१८ च्या एका अभ्यासानुसार, माराच्या जास्त पर्यटन असलेल्या भागांत चित्त्याच्या मादीची सरासरी ०.२ पिल्ले मोठी होतात, तर कमी पर्यटनाच्या भागांत २.३. ‘आणखी जवळ घ्या’ असा आग्रह चालकाकडे न धरणे, हे पर्यटकाच्या हातात आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सफारी म्हणजे शिकार होती. थिओडोर रूझवेल्ट यांची १९०९ ची मोहीम त्याचे प्रसिद्ध उदाहरण. गोऱ्या शिकाऱ्यांना देशाच्या आत नेणारी मोंबासा-किसुमू रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात भारतातून नेलेल्या सुमारे ३२ हजार मजुरांच्या श्रमांवर उभी राहिली. त्यांतील सुमारे अडीच हजार तेथेच मरण पावले, काही मार्गावरील त्सावो येथील नरभक्षक सिंहांच्या तोंडी गेले. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. मसाई पशुपालकांच्या वाट्याला मात्र संरक्षणाचा त्रास आधी आला. १९५९ मध्ये सेरेंगेटी उद्यानातून त्यांना हलवून गोरोंगोरोत वसवले गेले आणि आता तेथूनही त्यांच्या स्थलांतरावरून वाद पेटला आहे. माराच्या भोवताली २००५ पासून उभ्या राहिलेल्या ‘कॉन्झर्व्हन्सी’ हा अधिक न्याय्य मार्ग वाटतो. तेथे मसाई कुटुंबे आपली जमीन पर्यटनासाठी भाड्याने देतात, भाडे त्यांना थेट मिळते आणि ठरलेल्या पद्धतीने गुरेही चरतात.

महाराष्ट्रातून जाणारे गट प्रामुख्याने जुलै ते सप्टेंबर या काळात, विल्डेबीस्टसाठी, जातात. मुंबई-नैरोबी थेट विमानप्रवास सुमारे सहा तासांचा आहे. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर असल्याने पहाटे चांगलीच थंडी असते. पिवळ्या तापाची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी लागते. तिचा दाखला नसल्यास भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे आणि जून २०२० पासून संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही नेता येत नाहीत. त्यामुळे पाण्यासाठी स्वतःची बाटली आणि खाऊसाठी कापडी पिशवी बरोबर घ्यावी.