पेंच व्याघ्र प्रकल्प (महाराष्ट्र)

नागपूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या दक्षिण उतारावर असलेले संरक्षित वनक्षेत्र. मध्य प्रदेशातील सिवनी व छिंदवाडा जिल्ह्यांतल्या पेंच प्रकल्पाला ते लागून आहे. जंगल सलग, सीमा तेवढी राज्यांची. महाराष्ट्राकडील सुमारे २५७ चौ. किमी. भाग १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. पंडित जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय उद्यान हे त्याचे अधिकृत नाव. १९९९ मध्ये येथे व्याघ्र प्रकल्प आला. पुढे मानसिंगदेव अभयारण्यही त्यात समाविष्ट झाले.

नागपूरकर पेंचला वाघ पाहायला जातात. पण शहराचे या जंगलाशी रोजचे नाते पाण्याचे आहे. छिंदवाड्याच्या डोंगरांतून येणारी पेंच नदी तोतलाडोह येथे अडवलेली आहे. त्या धरणावर १६० मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. खाली नवेगाव खैरीच्या धरणातून पाणी नागपूरच्या नळांना आणि कालव्यांवाटे धानाच्या शेतांना जाते. धरणाभोवतीचे जंगल माती धरून ठेवते, म्हणून गाळ कमी येतो. पेंचची ओळख करून देताना ही गोष्ट वाघाच्या आधी सांगायला हवी. उन्हाळ्यात जलाशय आटत गेला की उघड्या पडलेल्या काठावर गवत फुटते आणि चितळांचे कळप तेथे उतरतात. त्यांच्यामागे वाघ आणि रानकुत्रीही येतात.

जंगल शुष्क पानझडीचे. सागाचे प्रमाण मोठे. सोबत ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह. खडकाळ उतारांवर सालई आणि पांढऱ्या खोडाचा कुलू. मे महिन्यात बाकी सारे करपलेले असताना कुलूची ती उघडी खोडे दुरूनही नजरेत भरतात. बिबट, अस्वल, रानगवा, सांबर, नीलगाय हे इतर प्राणी. सभोवतालच्या गावांत गोंड वस्ती मोठी आहे आणि मोहफुले व तेंदूपत्ता हा तिच्या उन्हाळी मिळकतीचा भाग.

जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचे आकाश कृत्रिम प्रकाशापासून जपलेले क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या बफरमधील (गाभा जंगलाभोवतीच्या पट्ट्यातील) गावांतले दिवे बदलून प्रकाश जमिनीकडे वळवण्यात आला. जंगलाचा वारसा मोजताना अंधारही जमेस धरला गेला, ही या प्रकल्पाची सर्वांत मोलाची कामगिरी म्हणावी लागेल.

नागपूर–सिवनी महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ४४) या जंगलातून जातो. चौपदरीकरणाच्या वेळी वन्यजीवांच्या वाटेवर रस्ता खांबांवर उचलण्यात आला. महाराष्ट्राच्या हद्दीत असे नऊ मार्ग असून सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघासह अनेक प्राणी पुलाखालून जाताना टिपले गेले आहेत.

सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली ही प्रमुख प्रवेशद्वारे. सिल्लारी नागपूरहून सुमारे ७० किमी. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते.