यूएनएचसीआरकडे नोंदणी: ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या परदेशी आश्रयार्थींसाठी कागद आणि अडचणी

आपल्या ठाणे जिल्ह्यात ‘निर्वासित’ म्हटलं की उल्हासनगर आठवतं. फाळणीनंतर आलेल्या त्या सिंधी कुटुंबांची जबाबदारी सरकारने घेतली होती. आज कोपरखैरण्यात भाड्याने राहणाऱ्या अफगाण किंवा सोमाली माणसाचं तसं नाही. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, वेगळा निर्वासित कायदाही नाही. म्हणून अर्ज करायचा तो यूएनएचसीआरकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेकडे, आणि त्यासाठी गाठायची दिल्ली.

शेजारी नसलेल्या देशांचे आणि म्यानमारचे नागरिक इथे अर्ज करू शकतात. तिबेटी आणि श्रीलंकेच्या तमिळांचं काम भारत सरकार स्वतः पाहतं. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगटामुळे मायदेशी छळ होईल अशी भीती, हा अर्जाचा गाभा. निव्वळ नोकरीसाठी आलेल्याने यात पडू नये.

पासपोर्ट, व्हिसाचं पान, मायदेशाचं ओळखपत्र, जन्म-लग्नाचे दाखले, धमकीचं पत्र किंवा पोलिसांचा कागद, जे असेल ते न्यावं. पासपोर्ट नाही म्हणून कोणी परत पाठवत नाही. घरातल्या सगळ्यांनी जायचं, तान्हं बाळसुद्धा. फोटो, बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन होतं, मग मुलाखत. दुभाषी फुकट मिळतो. बाईला बाई अधिकारी हवी असेल तर तसं आधीच सांगावं.

खरी गंमत नावाची. अफगाण ‘तझकिरा’वर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, बहुतेकदा स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं नाव असतं, आडनाव नसतंच. जन्मसाल १३७९ असं दिसतं, म्हणजे आपलं २००० किंवा २००१. मग कोणीतरी आडनावाच्या रकान्यात वडिलांचं नाव टाकतं, दुसऱ्या कागदावर स्पेलिंग बदलतं, आणि एकाच माणसाची कागदोपत्री दोन माणसं होतात. पहिल्या दिवशी जे स्पेलिंग दिलं तेच पुढे सगळीकडे ठेवा.

दुसरी अडचण प्रवासाची. कल्याणहून पंजाब मेलचं आरक्षण केलं तर गाडीत ओळखपत्र दाखवावं लागतं. पासपोर्ट चालतो, पण तोच नसेल तर? जनरल डब्यात लेकरांसह दिल्ली गाठणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. म्हणून मुलाखतीची तारीख हातात आल्याशिवाय निघू नका. नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. ‘दिल्लीत ओळख आहे’ म्हणणाऱ्याला सरळ वाटेला लावा.

आता सर्वांत मोठा गैरसमज. यूएनएचसीआरचं कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसाची मुदत, मुदतवाढ, दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज हे सगळं ई-एफआरआरओ पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर, वेगळं करावं लागतं, आणि दीर्घ मुदतीचा व्हिसा द्यायचा की नाही ते केंद्र सरकार ठरवतं. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा परदेशी नागरिक कायदा लागू आहे. मुदत उलटून राहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा दिल्लीची वाट बघत व्हिसा संपू देऊ नका.

घरमालकांनाही एक सांगणं. परदेशी भाडेकरू आला की चोवीस तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. बरेच जण ही कटकट नको म्हणून खोलीच देत नाहीत, आणि मग त्या माणसाकडे पत्त्याचा पुरावाच राहत नाही. दहा मिनिटांचं काम आहे, करा.

मुलांची शाळा थांबवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांनी कुरकुर केली तर त्यांच्यासमोर कलम १४ ठेवा.

अर्ज नाकारला गेला तर तीस दिवसांत अपील करता येतं. नकाराचं पत्र मिळाल्याची तारीख त्याच पत्रावर लिहून ठेवा. मध्येच पोलिसांनी ताब्यात घेतलं तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं, परदेशी माणसालाही. कोठडीतल्या कोणालाही, तसंच बायका-मुलांना, उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी ठाणे जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण आहे, किंवा १५१०० वर फोन करा.