पानांचे प्रकाशानुकूलन

मिळणाऱ्या उजेडाप्रमाणे पाने आपली प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बदलून घेतात, त्याला प्रकाशानुकूलन म्हणतात. हे बदल दोन वेगांनी होतात. ढग सरला किंवा फांदी हलली की काही मिनिटांत होणारे बदल वेगळे आणि पान वाढताना दिवसांमागून दिवस त्याची जाडी, थर व प्रथिने ठरवणारे बदल वेगळे.

निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर सेकंदाला वनस्पतीच्या उपयोगाचे सुमारे 2000 मायक्रोमोल प्रकाशकण पडतात. महाबळेश्वरच्या सदाहरित रानासारख्या गर्द जागी त्यातले एक-दोन टक्केच जमिनीपर्यंत उतरतात. या दोन टोकांत प्रत्येक पानाला आपला मेळ बसवावा लागतो. बहुतेक पिकांचे एकेकटे पान भर उन्हाच्या पाव ते निम्म्या उजेडातच तृप्त होते, म्हणजे त्यापुढे उजेड वाढला तरी त्याचे प्रकाशसंश्लेषण वाढत नाही. उरलेली ऊर्जा वाया जाते एवढ्यावर भागत नाही. ती ऑक्सिजनची घातक रूपे तयार करते आणि प्रकाशयंत्रणेतले डी-1 नावाचे प्रथिन मोडते. पान ते रोज दुरुस्त करत असते, पण मोडतोड दुरुस्तीपेक्षा वाढली की उत्पादन घटते.

एकाच जांभळाच्या शेंड्याचे आणि आतल्या फांदीचे पान शेजारी ठेवून पाहावे. शेंड्याचे पान लहान व जाड असते. त्यात उभ्या पेशींचे दोन-तीन थर असतात आणि कार्बन डायऑक्साइड बांधणारे रुबिस्को हे प्रथिन भरपूर असते. आतले पान रुंद, पातळ. ते आपला नायट्रोजन उजेड पकडण्याकडे वळवते, त्यात ब-हरितद्रव्याचे (क्लोरोफिल-बी) प्रमाण वाढते आणि श्वसनाचा खर्च कमी राहतो, म्हणून थोड्या उजेडातही त्याचे भागते. सावलीतले पान गडद हिरवे दिसते म्हणून ते अधिक सशक्त, हा समज चुकीचा आहे. त्याची कमाल क्षमता कमीच असते.

सावली कोणाची, हेही रोपाला कळते. वरची पाने लाल प्रकाश शोषतात आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा अतिलाल प्रकाश खाली सोडतात. उघड्यावर या दोहोंचे प्रमाण सुमारे 1.2 असते, दाट पानांखाली ते 0.2 च्याही खाली जाते. फायटोक्रोम हे रंगद्रव्य हा फरक ओळखते.

सांगली जिल्ह्यात हे शास्त्र शेतात रोज वापरले जाते. तासगावकडे द्राक्षाच्या मांडवाखाली उभे राहिले की जमिनीवर कवडसे किती पडलेत ते आधी पाहावे. द्राक्षाच्या एका पानातून 10 टक्क्यांहून कमी उजेड पलीकडे जातो. तिसऱ्या थरातले पान स्वतःचा खर्चही भागवू शकत नाही, पिवळे पडते. बगलफूट काढणे, शेंडा मारणे, विरळणी करणे ही कामे म्हणूनच महत्त्वाची. खरड छाटणीनंतर (द्राक्षाची उन्हाळ्यातली छाटणी) काडीवरच्या डोळ्यांना ऊन मिळाले नाही, तर पुढच्या हंगामाचे घडही कमी धरतात.

हळदीचे तंत्र वेगळे. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लागण झाली की कोवळे कोंब मेच्या उन्हात सापडतात. हळदीत एरंड टोकण्याची रीत यासाठीच आहे. विरळ सावली हळदीच्या रुंद पानांना मानवते, गर्द सावलीत मात्र कंद पोसत नाहीत. उसाची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या पानात कार्बन बांधण्याचा चार-कार्बनी मार्ग असतो, जो हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी 1966 मध्ये उसावरच्या कामातून मांडला. उसाचे वरचे पान भर उन्हातही सहसा तृप्त होत नाही. तळाची पाने मात्र सावलीत वाळून पाचट होतात.

पूर्ण वाढलेल्या पानाची जाडी फारशी बदलत नाही. शेडनेटमधली रोपे एकदम उघड्यावर नेली की पाने करपतात ती यामुळे. रोपाला ऊन सोसणारी नवी पाने काढायला वेळ लागतो, म्हणून नेट टप्प्याटप्प्याने उघडावे.

आता मिनिटांचे बदल. पातळ पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून तासभर कडक ऊन द्यावे. पट्टी काढल्यावर काही वनस्पतींत तेवढी जागा गडद आणि बाजूची फिकट दिसते. कडक उजेडात हरितकण पेशीच्या बाजूच्या भिंतींना सरकतात, मंद उजेडात पानाच्या पृष्ठाला समांतर पसरतात. निळा प्रकाश ओळखणारी फोटोट्रोपिन प्रथिने हे घडवतात. त्याच वेळी व्हायोलाझँथिन या पिवळ्या द्रव्याचे झिआझँथिन होते आणि जादा ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते.

जादा ऊर्जा बाहेर सोडणारी ही जणू झडपच. ती पटकन उघडते, पण बंद व्हायला वेळ घेते. ढग आल्यावरही पान काही मिनिटे ऊर्जा उधळत राहते. श्रावणात कृष्णाकाठच्या सोयाबीनवर ऊन-सावलीचा लपंडाव चालतो, तेव्हा हे नुकसान दिवसभर साठत जाते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तंबाखूत ही झडप लवकर मिटेल असे जनुकीय बदल केले. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात शेतातल्या झाडांचे वजन सुमारे 15 टक्के वाढले. 2022 मध्ये तेच तंत्र सोयाबीनवर यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. पहिल्या हंगामात दाणे वाढले, पुढच्या हंगामात मात्र पीक लोळल्याने ठळक वाढ दिसली नाही.