सिंडिकेटची थैली भरली म्हणजे डाव जिंकला?

‘ग्वेंट’ या डिजिटल पत्त्यांच्या खेळात जून 2019 मध्ये ‘नोव्हिग्राड’ विस्तारासोबत सिंडिकेट हा नवा गट आला, आणि तेव्हापासून एक समज चिकटून बसला आहे: नाणी (या गटाचं खेळातलं चलन) देणारे पत्ते जितके जास्त, तितका डेक (खेळाडूने निवडलेला पत्त्यांचा संच) भक्कम. हे खरं नाही.

थैलीत फक्त 9 नाणी मावतात, वरची वाया जातात. मुख्य म्हणजे नाण्याचा स्वतःचा एकही गुण (पॉइंट) मिळत नाही. सामना संपताना उरलेल्या नाण्यांची किंमत शून्य! म्हणून आधी नाणी खर्च करून परिणाम घडवणारे, म्हणजे ‘फी’वाले पत्ते निवडा, मग त्यांना पुरतील इतकेच कमावणारे. थैली भरलेली असली तरच जोर धरणारे काही पत्ते आहेत, हे मान्य. पण तो डेक मुद्दाम तसा बांधावा लागतो.

‘सगळं असू द्या’ म्हणत 30 पत्ते भरण्याचा मोहही आवरा. सुरुवातीला 10, पुढच्या दोन फेऱ्यांत 3-3, असे तीन फेऱ्यांत 16च पत्ते ओढायला मिळतात. किमान मर्यादा 25 आहे, तिथेच थांबा. नाहीतर नाणी हातात आणि खर्च करणारा पत्ता गठ्ठ्याच्या तळाशी, अशी गत होते.