क्लच दाबला की आवाज बंद होतो, मग बिघाड क्लचमध्येच?

"क्लच दाबला का आवाज चूप होते, म्हणजे क्लचच गेला न भाऊ." पांढरकवड्यापासून धारणीपर्यंत जुनी काळीपिवळी चालवणारे हे छातीठोकपणे सांगतात. मग गिअरबॉक्स उतरतो, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी बसते, ऐन कापसाच्या हंगामात गाडी उभी राहते. चाबी फिरवली की घरघर जशीच्या तशी!

तर्क इथे उलटा लावलेला असतो. पेडल दाबल्यावर आवाज थांबला, तर दाबल्यामुळे काय फिरायचं थांबलं ते बघायचं. पेडल वर असताना, गाडी न्यूट्रलमध्ये असली तरी, गिअरबॉक्सचा क्लच शाफ्ट (इंजिनाची ताकद बॉक्समध्ये आणणारा दांडा) इंजिनाच्या वेगाने फिरतच असतो आणि दात गुंतलेले असल्याने त्याच्यासोबत बॉक्समधला समांतर दांडा, ले शाफ्ट, तोही फिरतो. पेडल दाबलं की इंजिनाशी नातं तुटतं आणि दोघंही थांबतात. म्हणजे संशय या दोन शाफ्टांच्या बेरिंगांवर घ्यायचा, क्लचवर नाही.

आता उलट बाजू. पेडलावर पाय नुसता टेकवला, मोकळी चाल संपली आणि तेवढ्यातच किरकिर सुरू झाली, तर ते रिलीज बेरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लचला ढकलणारं बेरिंग. सुरुवात पूर्ण दाबल्यावरच होत असेल आणि गिअर टाकून उभ्या गाडीत आवाज वाढत असेल, तर फ्लायव्हीलच्या (इंजिनासोबत फिरणार्‍या जड चाकाच्या) मध्यात बसलेलं छोटं पायलट बेरिंग बघा (काही गाड्यांत तिथे बुश असतं). एरवी फ्लायव्हील आणि क्लच शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे या बेरिंगाला कामच नसतं. शाफ्ट थांबला आणि फ्लायव्हील फिरत राहिलं तरच ते बोलतं.

पण बेरिंग बोलतं म्हणजे नेमकं काय होतं? मला खरा रस इथे आहे. बेरिंगात बाहेरची कडी घट्ट बसलेली, आतली शाफ्टासोबत फिरणारी, मध्ये छर्रे. जात्याची खालची तळी स्थिर आणि वरची फिरती, तर मधला दाणा दोघींच्या मधल्याच वेगाने घरंगळतो, तसंच हे. आतली कडी बाहेरचीपेक्षा लहान, म्हणून छर्‍यांची माळ शाफ्टाच्या निम्म्याहूनही कमी, साधारण 0.4 पट वेगाने फिरते. छर्रे आणि कडीचा स्पर्श इतक्या इवल्या जागेत होतो की पोलादावर प्रचंड दाब येतो. हजारो तास दाब-मोकळं, दाब-मोकळं होत पोलाद थकतं. तडा बहुधा पृष्ठभागाच्या किंचित खाली पडतो, वर येतो आणि खपली निघून खड्डा होतो.

समजा छर्रे 9 आणि इंजिन मिनिटाला 750 फेर्‍यांवर, म्हणजे सेकंदाला 12.5. बाहेरच्या कडीला खड्डा असेल तर दर फेरीला 9 गुणिले 0.4, म्हणजे 3.6 छर्रे त्यात आदळतात. सेकंदाला 45 ठोके. कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, सलग घरघर ऐकू येते. खड्डा आतल्या कडीला असेल तर फेरीला 5.4, सेकंदाला 67 च्या वर. शिवाय तो खड्डा शाफ्टासोबत फिरत भाराच्या बाजूला येतो-जातो, म्हणून आवाज एकसारखा न राहता हेलकावतो. रेस देऊन फेर्‍या दुप्पट केल्या तर ठोकेही दुप्पट, आवाज वरच्या पट्टीत चढतो.

म्हणून आवाज कोणाच्या मागे धावतो हे ऐकायचं. रेसच्या मागे धावला तर क्लच शाफ्टाकडे बघा. उतारावर न्यूट्रल केल्यावरही गाडीच्या वेगाबरोबर चढ-उतरत राहिला, तर मेन शाफ्टाच्या (बॉक्समधून चाकांकडे ताकद नेणार्‍या दांड्याच्या) मागच्या बेरिंगाकडे किंवा त्याच्याही मागे. 4 गिअरच्या जुन्या जीपमध्ये पहिल्या तिन्ही गिअरांत घरघर आणि चौथ्यात एकदम कमी, तर ले शाफ्ट. चौथ्यात ताकद क्लच शाफ्टावरून थेट मेन शाफ्टाला जाते. ले शाफ्ट फिरतो, पण रिकामा.

एक फसवी केस आहे. डिझेल गाडी आयडलला खडखडते, पेडल दाबलं की थांबते आणि बेरिंगं मात्र ठणठणीत! इंजिनाच्या धक्क्यांनी गिअरचे दात एकमेकांवर आपटत असतात. रेस थोडी वाढवा. खडखड विरली तर दात, चढत गेली तर बेरिंग.

बंपरला लिंबू-मिरची बांधणार्‍यांना मी हसतो, पण 'आवाज बंद' करणारी महागडी बाटली गिअर ऑइलमध्ये ओतणारेही त्याच माळेतले. घट्ट तेलाने आवाज दबेल, पण उडालेली खपली परत चिकटणार नाही. भाराचं गणितही निष्ठुर आहे: बॉल बेरिंगावरचा भार दुप्पट झाला तर आयुष्य एक अष्टमांश. चिखलदर्‍याचा घाट खच्चून भरलेल्या जीपने चढताना हे आठवावं.

बॉक्स उतरवण्याआधी तेल काढून उन्हात बघा. थोडी पिवळी चमक बहुधा सिंक्रोनायझर रिंगांची (गिअर टाकताना वेग जुळवणार्‍या पितळी कड्यांची) असते, पोलादी खपल्या मात्र बेरिंगाच्या किंवा दातांच्या. आणि बॉक्स उतरलाच तर मिस्त्रीच्या डिझेलच्या घमेल्यात रिलीज बेरिंग पडू देऊ नका. त्याचं ग्रीस कारखान्यातच भरून बंद केलेलं असतं. डिझेल आत शिरून ते धुऊन नेतं आणि बाहेरून लखलखीत दिसणारं बेरिंग थोड्याच दिवसांत किरकिरू लागतं.