कुमठ्याच्या फरश्या आणि पहिलीचं वाचन

साक्षरतेचे प्रयोग सातारा जिल्ह्याला नवे नाहीत. प्रौढांसाठीची ग्राम शिक्षण मोहीम १९५९ मध्ये इथेच सुरू होऊन पुढे राज्यभर गेली. पण पहिली-दुसरीत वाचन शिकवताना अक्षरं मुद्दाम शिकवायची की ती आपोआप येतील, असा आज जो वाद चालतो, त्याचं मूळ इतकं मागे नाही. ते २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात आणि नंतर साताऱ्याच्याच कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटात आहे.

कुमठ्याच्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार, वर्गात उतरवला. मुलं गटागटाने रंगवलेल्या फरशीवर बसून वस्तू हाताळत शिकू लागली. गावोगावचे शिक्षक बघायला येऊ लागले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा राज्यभरचा कार्यक्रम आला, आणि घोळ इथून वाढला. जे डोळ्यांना दिसत होतं तेच इतरत्र उचललं गेलं. फरशी रंगली की वर्ग रचनावादी! बाईंनी मागे पडलेल्या पोराशेजारी बसून रोज करून घेतलेलं वाचन फोटोत येत नाही.

त्याहून मोठं नुकसान एका समजुतीने केलं. मूल ज्ञान स्वतः रचतं, म्हणून अक्षरं मुद्दाम शिकवायची नाहीत, ती शब्दांतून आपोआप येतील, असा अर्थ काढला गेला. बोलणं मूल घरात ऐकून शिकतं. वाचन तसं येत नाही, हे बोधविज्ञानात, म्हणजे मन कसं शिकतं याच्या अभ्यासात, पक्कं झालेलं आहे. काम चालू असताना गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवणाऱ्या आपल्या कार्यकारी स्मृतीत एका वेळी चारेक गोष्टीच मावतात. ‘किल्ला’ वाचणाऱ्या मुलाला वेलांटी आधी दिसते, पण म्हणायची असते ‘क’नंतर. पुढे जोडाक्षर. ‘ल्ला’ जुळवेपर्यंत ‘कि’ निसटलेला असतो. अक्षरं सरावाने हातची झाली, तरच अर्थाकडे लक्ष द्यायला जागा उरते. म्हणून बारखडीची घोकंपट्टी परत आणा असं मुळीच नाही. थोडी अक्षरं, लगेच त्यांचेच शब्द, जोडीला भरपूर गोष्टी, हा मधला रस्ता आहे.

कन्नड मुलांवरच्या २००७ च्या अभ्यासात अक्षरं शिकणं चौथीतही सुरूच असल्याचं दिसलं. सांगलीत जतच्या कन्नड शाळांनाही हे लागू पडतं. २०२१ च्या निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत साक्षरतेच्या अभियानाने मात्र दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तेही समजून, अशी अपेक्षा ठेवली. वाळव्याकडे ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणारी मुलं दिवाळीच्या सुमारास वर्गात बसतात, तेव्हा निम्मी अक्षरं शिकवून झालेली असतात. हंगाम संपला की ती परत जातात.